कॉकपिटमधून कंट्रोलरच्या खुर्चीत

मुंबई आणि हैदराबादचे विमानतळ नकाशावर पट्टीने जोडले, तर ती रेघ करमाळ्याच्या थोडी दक्षिणेकडून, पंधरा किलोमीटरच्या आत जाते. विमानं अगदी पट्टीच्या रेघेवरून उडत नाहीत. हवाईमार्ग ठरलेले असतात, लष्कराच्या राखीव हद्दी टाळाव्या लागतात. तरी करमाळा तालुक्यावरचं आकाश रहदारीचं आहे एवढं या रेघेवरून कळतं. त्या रहदारीतल्या प्रत्येक प्रवासी विमानात दोन वैमानिक असतात, आणि इथून सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरवर मुंबईत पडद्यासमोर बसलेला एक माणूस त्यांच्याशी बोलत असतो. वैमानिक आपल्याला माहीत असतो. त्याचा गणवेश, खांद्यावरच्या पट्ट्या, त्याच्या पगाराचे आकडे गावोगाव ठाऊक असतात. हा दुसरा माणूस, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रक, या व्यवसायातल्या भाषेत एटीसी किंवा नुसता कंट्रोलर, तो मात्र कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही.

करमाळ्याहून दोनेक तासांवर बारामती आहे. तिथल्या धावपट्टीवर उड्डाण शिकवणाऱ्या संस्था आहेत. त्यामुळे या भागातल्या बारावी शास्त्राच्या मुलांना वैमानिक होणं आता परग्रहावरचं वाटत नाही. घरात हा विषय निघाला की पालकांचा एक प्रश्न हमखास येतो. उद्या विमान कंपनी बुडाली, डोळ्यांत किंवा हृदयात काही दोष निघाला, तर पुढे काय? आणि कुणीतरी उत्तर देतं, ‘त्यात काय, एटीसीत जायचं!’ हे उत्तर इतकं सहज दिलं जातं, म्हणून हे प्रकरण लिहिणं मला गरजेचं वाटलं.

एसटी स्टँडवर खिडकीत बसून माइकवरून गाड्या पुकारणारा कंट्रोलर आपण रोज पाहतो. तो बहुधा वाहक म्हणून नोकरीला लागलेला असतो. वर्षानुवर्षं तिकिटं फाडून, गाड्यांच्या वेळा अंगात मुरवून तो बढतीनं त्या खिडकीत आलेला असतो. विमानांच्या दुनियेतही असंच असेल, अनुभवी वैमानिक वय झालं की टॉवरमध्ये बसत असेल, असं आपण गृहीत धरतो. भारतात तसं होत नाही. कॉकपिटमधून टॉवरकडे जाणारी बढतीची वाट नाही. या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत, वेगळ्या मालकांच्या, वेगळ्या परीक्षेच्या आणि वेगळ्या वयाच्या.

एके काळी मात्र चित्र निराळं होतं. अमेरिकेतला पहिला हवाई वाहतूक नियंत्रक म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, तो आर्ची लीग स्वतः वैमानिक होता. गावोगावी फिरून विमानाच्या कसरती करायचा, इंजिनंही दुरुस्त करायचा. १९२९ साली सेंट लुईसच्या विमानतळानं त्याला कामावर ठेवलं. हातगाडीत खुर्ची, मोठी छत्री, वही, पाणी, जेवणाचा डबा आणि दोन निशाणं घालून तो धावपट्टीच्या टोकाला नेऊन ठेवायचा. चौकटीचं निशाण दाखवलं की निघा, लाल दाखवलं की थांबा. दिवसभर उन्हात, थंडीत उभं राहायचं. रेडिओ नाही, रडार नाही. वैमानिकाला तिकडून काय दिसत असेल याचा अंदाज त्याला होता, कारण तो स्वतः तिथं बसलेला होता. पुढे हा माणूस अमेरिकेच्या नागरी विमान वाहतूक प्रशासनात फार वरच्या पदापर्यंत चढला आणि १९७३ साली निवृत्त झाला. नियंत्रणाच्या कामाची सुरुवातच अशी वैमानिकाच्या हातून झाली.

मग ही दोन कामं वेगळी का पडली? कामाचं स्वरूपच बदलत गेलं म्हणून. आज भारताचं आकाश दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई अशा चार मोठ्या क्षेत्रांत वाटलेलं आहे. करमाळा मुंबईच्या वाट्याला येतो, आणि मुंबईचं हे क्षेत्र पश्चिमेला अरबी समुद्रावर फार दूरवर पसरलेलं आहे. त्यातही कामाचे तीन भाग असतात. धावपट्टी आणि तिच्या जवळची विमानं टॉवर सांभाळतो. उतरायला येणाऱ्या आणि नुकत्याच उडालेल्या विमानांना रांगेत लावणं हे अप्रोचचं काम. आणि तीस-पस्तीस हजार फुटांवरून गावं, जिल्हे, राज्यं ओलांडत जाणारी विमानं एरिया कंट्रोलकडे. विमान एका नियंत्रकाकडून दुसऱ्याकडे सोपवलं जातं तसा वैमानिक रेडिओची फ्रीक्वेन्सी बदलत जातो.

नियंत्रकाचं सगळं काम एका गोष्टीभोवती फिरतं, ती म्हणजे अंतर. दोन विमानांत उभं अंतर किमान १,००० फूट हवं. पूर्वी २९,००० फुटांच्या वर ते २,००० फूट ठेवावं लागे. उंची मोजणारी यंत्रं सुधारल्यावर भारतानं २७ नोव्हेंबर २००३ पासून तिथंही १,००० फुटांचा नियम लागू केला आणि त्याच आकाशात जास्त विमानं मावू लागली. उंची सारखी असेल तर रडारच्या टप्प्यात साधारण ५ सागरी मैल, विमानतळाजवळ ३ सागरी मैल आडवं अंतर हवं. ५ सागरी मैल म्हणजे सव्वानऊ किलोमीटर. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण समोरासमोर येणारी दोन विमानं ताशी साडेचारशे सागरी मैलांनी उडत असतील, तर त्यांच्यातलं हे अंतर २० सेकंदांत संपतं. तेवढ्यात नियंत्रकानं पाहायचं, ठरवायचं, बोलायचं. वैमानिकानं ऐकायचं, तीच सूचना परत म्हणून दाखवायची आणि विमान वळवायचं. म्हणून चांगला नियंत्रक शेवटच्या वीस सेकंदांपर्यंत गोष्ट येऊच देत नाही. पंधरा मिनिटांनी कोण कुठे असेल हे तो आधीच मनात मांडून ठेवतो.

मुंबई विमानतळाचंच पाहा. दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या तासाला तिथं सुमारे ४६ विमानं चढतात-उतरतात. म्हणजे दर ७८ सेकंदांना एक. उतरणाऱ्या दोन विमानांमधल्या फटीत एक विमान उडवायचं असतं. वैमानिकानं धावपट्टीवर येऊन निघायला दहा सेकंद जास्त लावले, तर मागच्या विमानाला न उतरता परत वर जावं लागतं. त्याला गो-अराउंड म्हणतात. ते वर गेलेलं विमान पुन्हा रांगेत कुठे बसवायचं, हा नियंत्रकापुढचा पुढचा प्रश्न.

वैमानिक आणि नियंत्रक यांच्यातला फरक इथं दिसतो. वैमानिक एका विमानाचा सखोल विचार करतो. इंधन, हवामान, इंजिनं, प्रवासी, सगळं त्या एकाचं. शेजारी दुसरा वैमानिक असतो, हातात चेकलिस्ट असते, आणि बराच वेळ विमान ऑटोपायलटवर असतं. नियंत्रक एकाच वेळी दहा-पंधरा विमानांचा विचार करतो, आणि त्यांतल्या एकाचंही सुकाणू त्याच्या हातात नसतं. वैमानिकाची जबाबदारी विमान थांब्यावर लागल्यावर संपते. नियंत्रकापुढे एक विमान गेलं की त्याच क्षणी दुसरं आलेलं असतं. म्हणून जगभर या कामात सलग बसण्यावर मर्यादा असते. साधारण दोन तासांनी खुर्ची दुसऱ्याला देऊन उठायचं, थोडी विश्रांती घेऊन पुन्हा बसायचं. दहा हजार तास उडवलेला कॅप्टन या खुर्चीत आपोआप चांगला ठरेल असं मानायला आधार नाही. काही जण ठरतात. काहींना एकाच विमानात खोल शिरण्याची सवय सोडवत नाही.

तरीही वैमानिकाकडे असं काही असतं जे पुस्तकातून येत नाही. उतरण्याचं साधं गणित घ्या. हजार फूट खाली यायला साधारण ३ सागरी मैल लागतात. ३६,००० फुटांवरच्या विमानाला जमिनीपर्यंत यायला १०८ मैल, म्हणजे दोनशे किलोमीटर. हैदराबादहून मुंबईला येणारं विमान करमाळ्याचं आकाश ओलांडलं की थोड्याच वेळात उतरणीला लागायला हवं. नियंत्रकानं ते रहदारीमुळे वर अडकवून ठेवलं आणि मग एकदम खाली यायला सांगितलं, तर कॉकपिटमध्ये काय धांदल उडते, एकाच वेळी वेग आणि उंची दोन्ही कमी करणं जड जेट विमानाला किती अवघड असतं, हे ज्यानं स्वतः भोगलं आहे तो परवानगी वेळेवर देतो. १०,००० फुटांच्या खाली वैमानिक फार कामात असतात, तेव्हा लांबलचक सूचना देऊ नयेत, हेही त्याला सांगावं लागत नाही. रेडिओवरच्या आवाजाच्या पट्टीवरून तो ओळखतो, की हा वैमानिक गोंधळला आहे पण तसं म्हणत नाही. हे ज्ञान मोलाचं आहे, आणि ते वाया जातं याचं मला वाईट वाटतं.

वैमानिकाला वाट बदलावीशी का वाटते, याची कारणं आपल्या देशात गेल्या काही वर्षांत पुरेशी दिसली. किंगफिशरची उड्डाणं ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजचं शेवटचं उड्डाण झालं. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट बंद पडली. जेट आणि गो फर्स्टच्या मध्ये करोना येऊन गेला. प्रत्येक वेळी शेकडो वैमानिक, त्यांत घरदार तारण ठेवून शिकलेले तरुणही, एका रात्रीत घरी बसले. दुसरं कारण वैद्यकीय. व्यावसायिक वैमानिकाला पहिल्या श्रेणीचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं आणि ते ठरावीक काळानं पुन्हा मिळवावं लागतं. हृदयाचा एक अहवाल, एखादा झटका, आणि परवाना कपाटात जातो. नियंत्रकाला तिसऱ्या श्रेणीचं प्रमाणपत्र लागतं. त्याचे निकष थोडे वेगळे असतात, म्हणून लोकांना वाटतं की ते सोपं आहे. पण नजर, रंगांची ओळख आणि ऐकणं इथंही कसून तपासतात. मिरगी किंवा गंभीर मानसिक आजार असेल तर हाही दरवाजा बंदच.

आता त्या दरवाजाकडे वळू. भारतात नागरी हवाई वाहतुकीचं नियंत्रण जवळजवळ पूर्णपणे भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे. १ एप्रिल १९९५ ला दोन जुन्या संस्था एकत्र करून हे प्राधिकरण उभं राहिलं. विमानतळ खाजगी कंपनी चालवत असली, जसं मुंबईत किंवा गोव्याच्या मोपाला, तरी टॉवरमधली माणसं प्राधिकरणाची असतात. ही माणसं ‘ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह’ या पदावर थेट भरतीनं घेतली जातात. २०२३ च्या जाहिरातीत ४९६ जागा होत्या, २०२५ च्या जाहिरातीत ३०९. पगाराची श्रेणी ४०,००० ते १,४०,०००, आणि सगळे भत्ते धरून वर्षाला सुमारे १३ लाख असं जाहिरातीतच म्हटलेलं असतं. संगणकावरची परीक्षा, मग आवाजाची चाचणी, मानसिक क्षमतेची चाचणी, मादक पदार्थांची तपासणी आणि वैद्यकीय तपासणी असे टप्पे पार करावे लागतात.

खरी अडचण दोन अटींत आहे. पहिली शिक्षणाची. भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन्ही विषय घेऊन केलेली तीन वर्षांची बीएस्सी हवी, किंवा कोणत्याही शाखेतली अभियांत्रिकीची पदवी हवी, ज्यात हे दोन विषय कुठल्या तरी सत्रात शिकवलेले असतील. आणि ही पदवी पूर्णवेळ, नियमित हवी. घरी बसून, दूरशिक्षणानं घेतलेली चालत नाही. दुसरी अट वयाची. खुल्या गटाला कमाल २७ वर्षं. इतर मागासवर्गीयांना तीन वर्षांची, अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षांची सवलत मिळते.

या दोन अटी वैमानिकाच्या आयुष्यावर ठेवून पाहा. व्यावसायिक परवान्यासाठी बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित असलं की पुरतं. वय १८ झालेलं हवं, किमान २०० तासांचं उड्डाण हवं. बरेच जण बारावीनंतर थेट उड्डाण संस्थेत जातात. पदवी राहून जाते, किंवा घरबसल्या एखादी उरकली जाते. परवाना, मग एखाद्या विमानाचं टाइप रेटिंग म्हणजे ते विमान उडवण्याची पात्रता, मग नोकरीची वाट पाहणं यांत चोविशी-पंचविशी येते. एअरलाइन वैमानिकाच्या वरच्या परवान्याला १,५०० तास लागतात, ते भरेपर्यंत बहुतेकांची २७ वर्षं उलटलेली असतात. म्हणजे ज्याला विमान कंपनीचा खरा अनुभव आहे, असा वैमानिक प्राधिकरणाच्या भरतीत अर्जच करू शकत नाही. ज्याला अर्ज करता येतो, त्याच्याकडे सांगण्यासारखा अनुभव नसतो. आणि अनुभव असला तरी त्याचे गुण कुठेच मिळत नाहीत. पाच हजार तासांच्या कॅप्टनला बसू दिलं, तरी त्याला आणि काल बीएस्सी झालेल्या मुलीला एकच प्रश्नपत्रिका. मुलगी त्या परीक्षेत पुढे गेली तर ते न्याय्यच आहे. पण कॅप्टनला परीक्षेला बसूच द्यायचं नाही, हे मला पटत नाही.

वयाच्या अटीला कारण नाही असं नव्हे. नवं काम, नवी भाषा, अनेक गोष्टी एकाच वेळी डोक्यात धरण्याची सवय तरुणपणी लवकर लागते, आणि संस्थेला प्रशिक्षणाचा खर्च पुढच्या तीस वर्षांत वसूल व्हावा असं वाटतं. अमेरिकेत तर याहून कडक हिशेब आहे. तिथं नवख्या उमेदवाराला वयाची ३१ वर्षं पूर्ण होण्याआधी घेतलं जातं आणि ५६ व्या वर्षी खुर्ची सोडावीच लागते. विमान कंपनीतला वैमानिक मात्र ६५ पर्यंत उडवू शकतो. ब्रिटनमध्ये वयाची वरची मर्यादा ठेवलेली नाही. तिथं निवड चाचण्याच इतक्या कठीण असतात की त्याच चाळणीचं काम करतात. मला ही पद्धत अधिक प्रामाणिक वाटते. क्षमता मोजता येत असेल, तर जन्मतारखेकडे कशाला बघायचं?

निवड झाली तरी शिकणं पहिल्या इयत्तेपासूनच. प्राधिकरणाची नियंत्रकांना शिकवणारी तीन केंद्रं आहेत. सर्वांत जुनं प्रयागराजचं नागरी विमान वाहतूक प्रशिक्षण महाविद्यालय, १९४८ सालचं. दुसरं हैदराबादला. आणि तिसरं आपल्या गोंदियात. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळाला लागून प्राधिकरणाची प्रशिक्षण संस्था आहे, आणि त्याच धावपट्टीवर वैमानिक तयार करणारी संस्थाही आहे, प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांनी मिळून काढलेली. पूर्व विदर्भातल्या एकाच माळावर एकीकडे वीस-बावीस वर्षांची मुलं विमान उडवायला शिकतात आणि दुसरीकडे त्यांच्याच वयाची मुलं विमानांना वाट दाखवायला. ही दोन प्रशिक्षणं शेजारी-शेजारी चालणारी जागा देशात आहे, आणि ती महाराष्ट्रात आहे. तरी एकीकडून दुसरीकडे जायला कागदोपत्री वाट नाही.

वर्गातलं शिक्षण आणि नकली रडारवरचा सराव झाला की नेमणुकीच्या विमानतळावर अनुभवी नियंत्रकाच्या शेजारी बसून खरं काम शिकावं लागतं. प्रत्येक जागेचं रेटिंग वेगळं. टॉवरचं असलं म्हणून अप्रोचला बसता येत नाही, आणि एका विमानतळाचं दुसऱ्या विमानतळावर चालत नाही. बदली झाली की पुन्हा शिकायचं. पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा फिरत्या. घर सोडून हॉटेलांत झोपणं टळतं, हा वैमानिकांना मोठा दिलासा वाटतो. रात्रपाळी मात्र टळत नाही.

या देशात कॉकपिटमधून टॉवरमध्ये जाण्याची खरी वाट एकाच ठिकाणी आहे, आणि ती म्हणजे सैन्यदलं. हवाई दलात एटीसीचं काम प्रशासन शाखेकडे असतं. उड्डाण प्रशिक्षणात न टिकलेले कॅडेट, किंवा अपघातानं, आजारानं उड्डाणास कायमचे अपात्र ठरलेले वैमानिक जमिनीवरच्या शाखांत घेतले जातात, आणि त्यांतल्या काहींच्या वाट्याला नियंत्रकाची खुर्ची येते. त्यांचं प्रशिक्षण हैदराबादला बेगमपेठच्या हवाई दल केंद्रात होतं. हवाई दल आपल्या माणसाला टाकून देत नाही, त्याच्या ज्ञानाला दुसरी जागा शोधतं. याचा आपल्याशी थेट संबंध आहे. पुण्याला लोहगावला उतरणाऱ्या प्रवासी विमानांना हवाई दलाचे नियंत्रक उतरवतात. गोव्याच्या दाबोळीला हे काम नौदल करतं. नाशिकजवळ ओझरला विमानतळ हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा, तिथला टॉवरही त्यांचाच. म्हणजे सुट्टीत पुण्याहून विमानानं निघालेल्या करमाळकराला ‘निघा’ म्हणणारा आवाज गणवेशातल्या अधिकाऱ्याचा असतो.

खुर्ची बदलल्यावर वैमानिकाला सर्वांत जड काय जात असेल, ते चरखी दादरीच्या अपघातावरून कळतं. १२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ. दिल्लीहून निघालेलं सौदी बोइंग ७४७ चौदा हजार फुटांवर राखलेलं होतं. समोरून येणाऱ्या कझाकस्तानच्या इल्युशिन विमानाला पंधरा हजारांपर्यंतच उतरायला सांगितलं होतं. समोरून विमान येत आहे, दहा मैलांवर आहे, हेही नियंत्रकानं सांगितलं होतं. दिल्लीच्या त्या वेळच्या रडारवर विमानाची उंची दिसत नसे. वैमानिक सांगेल ती उंची खरी मानायची. कझाक विमान पंधरा हजारांच्या खाली गेलं, आणि ३४९ माणसं गेली. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशी आयोगानं दोष उंची सोडणाऱ्या विमानाचा ठरवला. त्यानंतर भारतात धडक टाळणारी यंत्रणा विमानांत सक्तीची झाली, दिल्लीत येण्याचे आणि जाण्याचे मार्ग वेगळे केले गेले. रेडिओवरच्या इंग्रजीची किमान पातळी ठरवणारा आंतरराष्ट्रीय नियमही पुढे आला आणि मार्च २००८ पासून वैमानिक आणि नियंत्रक दोघांनाही लागू झाला.

त्या संध्याकाळी नियंत्रकानं सगळं बरोबर केलं होतं आणि तरी विमानं आदळली. वैमानिकाला संकट दिसलं की त्याचा हात सुकाणूकडे जातो. नियंत्रकाच्या हाती फक्त शब्द असतात. आणि कधी कधी ते शब्दही थांबवावे लागतात. १ जुलै २००२ ला जर्मनीतल्या उबरलिंगनजवळ दोन विमानं आदळून ७१ माणसं मेली. रशियन विमानातली यंत्रणा ‘वर जा’ म्हणत होती, नियंत्रक ‘खाली या’ म्हणत होता, वैमानिकांनी नियंत्रकाचं ऐकलं. दुसऱ्या विमानाला यंत्रणेनं खाली यायला सांगितलं होतं आणि तेही खाली आलं. त्या रात्री तो नियंत्रक एकटा दोन पडदे सांभाळत होता. आता नियम पक्का आहे. यंत्रणेनं धोक्याची आज्ञा दिल्याचं वैमानिकानं कळवलं की नियंत्रकानं त्या विमानाला उलट सूचना द्यायची नाही, गप्प राहायचं. वर्षानुवर्षं विमान स्वतः उडवलेल्या माणसाला हे गप्प राहणं शिकावं लागतं.

मग ज्या वैमानिकाचं उड्डाण थांबलं आहे त्यानं करायचं काय? एटीसीच्या मागे न लागता त्यानं आपल्या अनुभवाला किंमत मिळते त्या जागा आधी पाहाव्यात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय उड्डाण निरीक्षक म्हणून अनुभवी वैमानिक घेतं. विमान कंपन्यांच्या नियंत्रण कक्षात उड्डाणांचं नियोजन करणारे डिस्पॅचर असतात, सिम्युलेटरवर शिकवणारे प्रशिक्षक असतात. आणि वैद्यकीय प्रमाणपत्र शाबूत असेल तर खुद्द विमानतळ प्राधिकरणातही वैमानिकांची एक जागा आहे. विमानांना उतरण्याची वाट दाखवणाऱ्या रेडिओ यंत्रणा बरोबर आहेत की नाहीत, हे विमान उडवून तपासणारं प्राधिकरणाचं स्वतःचं पथक आहे.

प्राधिकरणानं मात्र एक पाऊल उचलायला हवं असं माझं ठाम मत आहे. देशात विमानतळ वाढताहेत. सोलापूरचंच उदाहरण घ्या. विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली गेली आणि ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं. मोपा सुरू झालं, नवी मुंबई सुरू झालं. प्रत्येक टॉवरला माणसं लागतात आणि ती एका वर्षात तयार होत नाहीत. ठरावीक तासांचा अनुभव असलेल्या, पहिल्या श्रेणीत अपात्र पण तिसऱ्या श्रेणीत पात्र ठरणाऱ्या वैमानिकांसाठी भरतीत थोड्या जागा वयाची अट शिथिल करून ठेवल्या, तर कुणा बीएस्सी झालेल्या मुलाचा हक्क जाणार नाही. परीक्षा तीच ठेवा, आवाजाची चाचणी तीच ठेवा, गोंदियाचा वर्गही तोच ठेवा. जो टिकेल तो टिकेल. माजी सैनिकांना वयात सवलत मिळतेच, त्यामुळे अशी सवलत देणं या व्यवस्थेला नवीन नाही.

ती सवलत येईपर्यंत करमाळ्यातल्या, जेऊरमधल्या, केममधल्या आईबापांना माझं कळकळीचं सांगणं आहे. उड्डाण संस्थेची फी अनेक लाखांत जाते. ती भरण्याआधी मुलाला किंवा मुलीला भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन नियमित बीएस्सी करू द्या. तालुक्याच्या कॉलेजातली पदवीही तितकीच चालते. त्यात तीन वर्षं जातील, पण त्या तीन वर्षांनी वैमानिकाची वाट बंद होत नाही आणि नियंत्रकाची उघडी राहते. आधी उड्डाण आणि मग पदवी असा क्रम लावलात, तर दुसरी वाट बहुधा गेलीच समजा. आणि एटीसीची जाहिरात निघाली की अर्जाच्या शेवटच्या तारखेला उमेदवाराचं वय किती भरतं ते सगळ्यांत आधी मोजा. खुल्या गटासाठी तो आकडा आजही २७ आहे.